विमलताईच्या बगिच्याचं फाटक

विमलताईनं दुसऱ्याचं भांडण चोरून ऐकलं, हे तिनं स्वतःच पुढे चारचौघांत कबूल केलं, म्हणून लिहायला हरकत नाही. ऐकायचं म्हणून काही ती गेली नव्हती. बगिच्याच्या भिंतीला लागून जास्वंदीची रांग आहे, तिला ती रबरी नळीनं पाणी देत होती, अन् भिंतीपलीकडे रस्त्यावर नवरा-बायको भांडत होते. पाण्याच्या आवाजात नीट ऐकू येईना, म्हणून तिनं नळ बंद केला. आता याला चोरून ऐकणं म्हणायचं की पाण्याची बचत, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

भांडण गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत होतं. विमलताईचं माहेर बोरी अरबकडचं, तांड्याच्या शेजारचं. लहानपणी तांड्यातल्या पोरींसोबत तिनं बोरं वेचलेली, त्यामुळे शब्द सगळे नाही कळले तरी भांडण पुरतं कळत होतं. नवरा-बायकोचं भांडण तसंही कोणत्या बोलीत कळत नाही?

नवरा म्हणजे देवीलाल अन् बायको धनीबाई. गावाच्या वरच्या अंगाला तांडा आहे, तिथले. चार एकरात सोयाबीन अन् तूर लावणारी माणसं. या भांडणाच्या चार वर्षांआधी धनीबाई कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, गंजीवरून पडली, अन् तवापासून कमरेखालचं अंग हललं नाही. भांडण झालं त्या साली तिला सरकारी शिबिरात तीनचाकी सायकल मिळाली, हातानं फिरवायची. अन् त्या बुधवारी, बाजाराच्या दिवशी, ती पहिल्यांदा एकटीनं दांडा फिरवत तांड्यापासून गावापर्यंत आली होती. देवीलाल मागून पायी, रिकाम्या थैल्या घेऊन. बाईचे दंड भरून आले होते, पण तोंडावर असं तेज होतं म्हणतात, जसं काही यवतमाळहून एस.टी. स्वतः चालवत आणली.

अन् तिला बगिच्यात जायचं होतं. झोक्यावर बसायचं होतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला.

देवीलालनं फाटक हातानं मोजलं. फाटक एक हात, सायकल दोन हात. तो म्हणाला, पाठीवर घेतो, चल. ती म्हणाली, भर बाजारात पाठीवर बसून जाऊ का, तुमी काय पोत्याचे हमाल अन् मी काय पोतं? तो म्हणाला, मंग इथंच सावलीत थांब, मी बाजार करून येतो. ती म्हणाली, मी काय स्टँडवर लावलेली गाडी हाय का, कुलूप लावून जा मंग. असं बराच वेळ चाललं. शेवटी देवीलाल वैतागून म्हणाला की हे फाटक करणारानं जिंदगीभर माणूस पाह्यला नसन, नुसती गुरं पाह्यली असन.

हे ऐकून भिंतीमागे विमलताईच्या हातातली नळी खाली पडली, कारण ते अगदी खरं होतं.

आणि मग धनीबाई हळू आवाजात जे म्हणाली, ते विमलताई पुढे सात वर्षं सांगत राहिली. "ज्यानं हे केलं ना, त्याच्या घरी कोनी म्हातारं होत नसन."

फाटक विमलताईनंच केलं होतं.

त्याची गोष्ट अशी, की बगिच्याच्या जागी आधी कोंडवाडा होता. कोंडवाडा म्हणजे मोकाट गुरं कोंडायची जागा. कोणाची गाय दुसऱ्याच्या कपाशीत शिरली, की आणा धरून अन् टाका आत. मालक येईल, चार शिव्या देईल अन् सोडवून नेईल. विमलताईचा नवरा तिथला राखणदार होता. तो गेला अन् त्याच्या जागी विमलताई लागली. चौथी शिकलेली बाई, पण बैलाच्या नुसत्या कानाकडे पाहून सांगायची, हा मारका हाय, दूर व्हा. पुढे घरोघरी ट्रॅक्टर आले, गुरं कमी झाली, अन् ग्रामपंचायतीनं कोंडवाडा मोडून तिथं बगिचा केला. दोन झोके, एक घसरगुंडी, सिमेंटचे बाक, मधात कडुनिंब. अन् राखायला विमलताईच. तिचं काम फक्त उलटं झालं. आधी गुरं आत ठेवायची, आता बाहेर ठेवायची.

पहिल्याच वर्षी गुरांनी भर दुपारी येऊन सगळी रोपं फस्त केली. शेवंती तर मुळापासून. विमलताई दोन दिवस जेवली नाही. मग तिनं वेल्डिंगवाल्या संजयला बोलावून वाकडं फाटक करवून घेतलं, नागमोडी, आत शिरून वळायचं अन् पुन्हा वळायचं. गाईला वळता येत नाही म्हणून ती येत नाही. माप कोणाचं घ्यायचं? तर विमलताई स्वतः मधात उभी राहिली अन् संजयला म्हणाली, मी निघते एवढं ठेव. विमलताई म्हणजे तुरीची काडी. उद्घाटनाला ग्रामपंचायतीचे सचिव आले, ते श्वास रोखून, पोट आत घेऊन कसेबसे शिरले अन् आत जाऊन मोठ्यानं श्वास सोडत म्हणाले, वा, फारच छान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विमलताईला वाटलं, टाळ्या फाटकाला आहेत. त्या सचिवाच्या पोटाला होत्या.

तर अशा त्या फाटकाचा तिला मोठा अभिमान. पण भांडण ऐकल्यावर तिला तो मिरवता येईना. आठ दिवस ती फाटकाजवळ खुर्ची टाकून बसली, अन् आत कोण येतं हे पाहायच्या ऐवजी पहिल्यांदाच बाहेरून कोण परत जातं ते पाहत राहिली. पोटुशी बाई परत गेली. कडेवर पोर अन् हातात दुसऱ्या पोराची बाबागाडी घेतलेली परत गेली. गावातली म्हातारी वच्छलाबाई चार पायांची काठी घेऊन रोज फाटकापर्यंत यायची, फाटकाला हात लावायची जसा काही देवळाच्या उंबऱ्याला, अन् माघारी. विमलताईला इतके दिवस वाटायचं, म्हातारीला पाय मोकळे करायचे असतात.

पुढच्या बुधवारी तिनं प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. चार दणकट पोट्टे आणले, फुलांचा हार आणला, अन् धनीबाईची सायकल दिसताच सगळे पुढे झाले. बेत असा की चौघांनी बाईला सायकलीसकट उचलायचं, फाटकावरून पलीकडे न्यायचं, हार घालायचा, टाळ्या. एकानं तर मोबाइलही काढून धरला होता.

धनीबाईनं सायकलीचा ब्रेक दाबला. आधी पोट्ट्यांकडे पाहिलं, मग हाराकडे, मग विमलताईकडे. ती दिसायला लहानशी, हाडकुळी बाई, पण हातात कोपरापर्यंत बांगड्या अन् बोलणं त्याच्याहून खणखणीत.

"बाई, मी काय कापसाची गठाण हाय का, चौघांनी उचलाले?"

विमलताई म्हणाली की तसं नाही, तुले आत जायचं हाय ना म्हणून.

"हाव, जायचं हाय. पण उद्या मले पुन्हा यावं वाटलं, त मी या चार पोट्ट्यायले आवतन धाडू का? अन् निघाची येळ झाली त कोनाले हाक मारू?"

विमलताईनं पोट्टे परत पाठवले. हार तिनं घरी नेऊन देवाला घातला. पण गोष्ट डोक्यात पक्की बसली: धनीबाईला आत यायचं आहे, आपल्या हातानं, आपल्या मनानं, कोणाला न विचारता. बाकी सगळं फुकट.

मग तिनं दुसरा उपाय केला, तो पहिल्याहून बिनडोक. सकाळी संजयला बोलावून वाकडं फाटक कापूनच टाकलं. सताड उघडं दार. बारा वाजेपर्यंत विमलताई खुश होती. बारा वाजता तिला भाकर खायची आठवण झाली. ती हात धुवून येते तो बगिच्यात वच्छलाबाईची म्हैस. ही म्हैस साधी नाही. हिनं गावातल्या दोन लग्नांचे मांडव खाल्ले होते, एकदा तर तोरणासकट. तिच्या मागे आणखी तीन. घसरगुंडीच्या सावलीत एक गाय बसून अशी रवंथ करत होती जशी काही हवा खायला आली.

सचिव फार चिडले. त्यांचंही चुकलं नव्हतं. झाडं पुन्हा लावायची होती, वरून कोणी पाहायला येणार होतं. त्यांनी सांगितलं, येत्या बुधवारपर्यंत वाकडं फाटक परत लागलं पाहिजे. मग नंतर काय ती सुधारणा करू, म्हणे, प्रस्ताव पाठवू. विमलताईनं बावीस वर्षं ग्रामपंचायतीत काढली होती. प्रस्ताव पाठवू म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. प्रस्ताव यवतमाळला जातो अन् तिकडेच त्याचं लग्न होऊन तो संसाराला लागतो, माघारी काही येत नाही.

सात दिवस. म्हणजे सात दिवसांत असं दार शोधायचं, ज्यातून सायकल जाईल अन् म्हैस जाणार नाही. संजय म्हणाला, ताई, असं दार जगात नाही. म्हैस अन् सायकल एकाच मापाची असते. त्यानं मोजून दाखवलं.

पुढच्या तीन दिवसांत विमलताईनं भाजीत मीठ दोनदा टाकलं. चौथ्या दिवशी दुपारी ती जुन्या सामानाच्या खोलीत बसली होती, कोंडवाड्याचं लोखंड तिथंच पडलेलं. गंजलेल्या साखळ्या, गज, खुंटे. अन् तिथं एक फाटकं गोणपाट दिसलं. ते गोणपाट पाहून बाई एकदम उठून उभी राहिली.

झालं असं होतं, की कोंडवाड्याच्या दारासमोरून एक नाली गेलेली होती, वर लोखंडी गजांची जाळी. माणूस त्यावरून बिनधास्त चालायचा. पण जनावर? गजांच्या मधातला अंधार पाहून जनावर थबकतं, पाय टाकत नाही. मारा, ओढा, शेपूट पिरगाळा, नाही म्हणजे नाही. म्हणून विमलताईचा नवरा प्रत्येक वेळी आधी जाळीवर गोणपाट टाकायचा, अन् मग गुरं आत घालायचा. वीस वर्षं विमलताईनं ते गोणपाट झटकून झटकून वाळवलं होतं. वीस वर्षं जी गोष्ट तिची डोकेदुखी होती, तीच आता कामाची होती. गुरं आत घ्यायची तर गोणपाट टाका. बाहेर ठेवायची तर गोणपाट उचला.

संजयच्या दुकानात ती धावतच गेली. कोंडवाड्याचेच जुने गज घेतले. फाटकाच्या जागी चार हात रुंद अन् पाच हात लांब खड्डा केला, त्यावर तीन-तीन बोटांच्या फटीनं आडवे गज वेल्ड केले. दोन्ही बाजूंना कंबरेएवढ्या भिंती. दार नाहीच. कडी नाही, कुलूप नाही.

परीक्षेला सारा गाव जमला. सचिवही आले, चेहऱ्यावर नापास करायचा बेत घेऊन. परीक्षेला म्हैस कोणाची, तर वच्छलाबाईचीच. दुसऱ्या म्हशीवर कोणाचा भरवसा नव्हता. आतल्या बाजूला घमेल्यात सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून ठेवली. वास सुटला. म्हैस आली. गजांपाशी थांबली. खाली पाहिलं, नाक लावलं, फुरफुर केली. एक पाय उचलला. सगळा गाव श्वास धरून. म्हशीनं तो पाय हवेत तसाच ठेवून थोडा विचार केला, अन् मागं घेतला. मग तिनं ढेपेकडे पाहून असा हंबरडा फोडला की वच्छलाबाईच्याच डोळ्यांत पाणी आलं. तिनं घमेलं उचलून बाहेर आणून दिलं. म्हणाली, पास झाली तरी उपाशी काहून ठेवता.

बकऱ्यांचं मात्र काही झालं नाही. बकरी गजांवरून टक-टक-टक करत आत गेली. सचिव म्हणाले, हे काय? विमलताई म्हणाली, साहेब, बगिचा सगळ्यायसाठी हाय ना, मंग बकरी बी आली. तिच्यासाठी मी काठी ठेवीन.

धनीबाई परीक्षेला आली नव्हती. तिनं निरोप पाठवला होता, आधी म्हशीचं होऊ द्या, मंग माझं पाहू. पुढच्या बुधवारी ती आली. विमलताईनं या वेळी हार आणला नाही, पोट्टे आणले नाहीत. ती लांब, कडुनिंबाखाली पाठ करून झाडू मारत होती. पण तिचा झाडू एकाच जागेवर चालून राहिला होता, हे पाहणाऱ्यांनी पाहिलं. गजांवर सायकल चढली. खडखडखड असा आवाज झाला, धनीबाईच्या साऱ्या बांगड्या अन् सायकलची घंटी सोबतच वाजल्या, अन् बाई आत.

आत आली अन् चार हातांवर चाकं रुतली.

कारण आतल्या वाटेवर विमलताईनं नदीतले पांढरे गोटे टाकले होते. शोभेसाठी. महिनाभर स्वतः धुऊन धुऊन. धनीबाईनं दांडा पुढे फिरवला, मागे फिरवला. सायकल खाली खाली बसत गेली.

"बाई, तुनं त मले दारात घेतलं अन् ओसरीतच बसवलं," धनीबाई म्हणाली. पण या वेळी ती हसून राहिली होती, अन् विमलताईलाही हसू आलं. दोघींनी मिळून सायकल मागे ओढली. मग विमलताई तिच्यासमोर जमिनीवर बसली अन् तिनं तो प्रश्न विचारला, जो तिनं पहिल्याच दिवशी विचारायला पाहिजे होता: तूच सांग, काय काय पाहिजे?

धनीबाईनं सांगितलं. तिला सांगायला कोणी लावलंच नव्हतं आजवर, त्यामुळे पुष्कळ साचलं होतं. वाट खळ्यासारखी पाहिजे. खळं म्हणजे शेतातली मळणीची जागा. मुरूम टाकायचा, पाणी शिंपायचं, धुम्मसानं ठोकायचं, की टाचेचा ठसा उमटत नाही. हे काम गावातल्या बायांना काही शिकवावं लागत नाही. पंधरा दिवसांत वाट तयार झाली. पांढरे गोटे विमलताईनं झाडांच्या बुडाशी टाकले अन् त्यांच्याकडे पाहून एक उसासा सोडला, तेवढंच.

मग देवराव आले. देवरावांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, भजनात पेटी वाजवतात. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की बगिच्याचं दार आता सगळ्यांसाठी झालं. ते मोठ्या उमेदीनं आले अन् त्यांची काठी गजांच्या फटीत गेली. उभीच्या उभी. देवराव काठी धरून उभे, काठी खड्ड्यात उभी, कोणीच हलेना. विमलताई धावत आली. ती म्हणाली, आता यावर फळी टाकते. देवराव म्हणाले की फळी टाकशील त म्हैस फळीवरून येईन; वच्छलाबाईची म्हैस हाय, थे सर्कशीत जाईन अशी हाय. मग काय करू, तिनं विचारलं. शिकली होती आता बाई, आधी विचारायचं.

"काठी मी काखेत घेतो," देवराव म्हणाले. "तू फक्त मले धराले काही दे."

दुसऱ्या दिवशी संजयनं एका बाजूच्या भिंतीवर लांबच्या लांब पाइप लावून दिला. देवराव तो धरून येऊ लागले, वच्छलाबाई धरून येऊ लागली, सचिवसुद्धा धरूनच येतात. हिवाळ्यात देवराव पाइपावर बोटं वाजवत आत शिरतात, म्हणजे बाकावरच्या म्हाताऱ्यांना कळतं, कोणता अभंग चालू आहे.

राहिला झोका. लोखंडी साखळीच्या झोक्याला फळी टांगलेली असते, त्यावर बसायचं तर पायांचा जोर लागतो. धनीबाई म्हणाली, मले बाज पाहिजे. बाज म्हणजे सुतळीनं विणलेली खाट. विमलताईच्या घरी नवऱ्याची जुनी बाज होती. ती तिनं अर्धी कापवली, पाय काढले, पाठीला टेकायला तिरपी चौकट लावली, पुढून आडवा पट्टा, अन् चार दोरांनी कडुनिंबाच्या जाड फांदीला टांगली. उंची किती? धनीबाई सायकलवर बसून माप देत होती: खाली घ्या, अजून खाली, हां, सीटला सीट लागली पाहिजे, मी सरकत जाईन. दोनदा दोर सोडावे लागले. तिसऱ्यांदा ती सायकलवरून दोन्ही हातांच्या जोरावर सरकली अन् बाजेवर बसली. कोणीही हात लावला नाही. लावायला गेलेल्या देवीलालला तिनं नुसतं डोळ्यांनी मागं ढकललं.

पण झोका द्यायला तर माणूस लागणारच. देवीलालच्या अंगावर ते काम आलं. बुधवारचा बाजार, बाहेरून अर्धा गाव पाहतो आहे, अन् देवीलाल बायकोला झोका देतो आहे, मान खाली घालून, कान तांबडेलाल. त्यापेक्षा पाठीवर नेलं असतं तर बरं, असं तो नंतर संजयजवळ म्हणाला. धनीबाई मात्र म्हणे, अजून, अजून जोरानं, हे काय, जेवले नाही का. झोका वर गेला की ती डोळे मिटायची, अन् खाली आला की उघडून त्याला ओरडायची.

दहा मिनिटं झाली अन् तिनं हातानं थांबवलं. विमलताईला वाटलं, भीती वाटली असेल. धनीबाईनं एक लांब दोरी मागितली. समोरच्या बाकाच्या पायाला तिचं एक टोक बांधायला लावलं, दुसरं आपल्या हातात घेतलं. पाळण्याला बांधतात तशी. अन् स्वतःच दोरी ओढून झोका घ्यायला लागली. ओढायचं अन् सोडायचं, ओढायचं अन् सोडायचं. सायकलचा दांडा फिरवून तिचे दंड पहिलवानासारखे झालेलेच होते.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "तुमी जा आता. बाजार करा. घाईनं येऊ नका."

देवीलाल थैल्या घेऊन असा निघाला जसा शाळा सुटलेला पोरगा.

हे सगळं झाल्याला सहा-सात वर्षं झाली. बगिच्यात आता सगळे येतात. बाजेच्या झोक्यावर तर पोरांचीच रांग लागते, कारण तो साध्या झोक्यापेक्षा जास्त मजेचा आहे, हे त्यांना एका दिवसात कळलं. त्यांना हाकलताना विमलताईचा घसा बसायचा. धनीबाई म्हणायची, राहू दे, मी रांगेत थांबते. अन् खरंच थांबायची, तीनचाकीवर, पाच वर्षांच्या पोरांमागे, आपला नंबर कोणी मारत नाही ना यावर नजर ठेवून. पहिली दोन-चार वर्षं ती आली की विमलताई हातातलं काम टाकून जवळ जायची. काही पाहिजे का, पाणी देऊ का, दोरी नीट आहे का. धनीबाई दरवेळी म्हणायची, बाई, तू तुहं काम कर.

गेल्या फाल्गुनात विमलताई निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीत शाल-नारळ झालं. सचिवांनी भाषण केलं, त्यात विमलताईच्या नवऱ्याचं नाव चुकवलं अन् म्हशीची गोष्ट मात्र बरोबर सांगितली. पेढे वाटले. सगळं आटोपेपर्यंत पाच वाजून गेले, अन् विमलताई शाल घरी न ठेवता तशीच बगिच्यात आली, कारण संध्याकाळचं काम राहिलं होतं.

बगिच्यात रोज काहीतरी विसरून राहतं. कोणाची चप्पल, कोणाची टोपी, कोणाचा डबा. विमलताई ते ऑफिसात जमा करत नसे. तिला पाहताक्षणी कळायचं, कोणाचं आहे, अन् ती घरी जाताना वाटेनं ज्याचं त्याला देत जायची. त्या दिवशी घसरगुंडीखाली एक लहानशी गुलाबी चप्पल सापडली, बाकावर निळी पाण्याची बाटली. अन् बाजेच्या झोक्यावर, सुतळीत अडकलेला, एक चष्मा. एका काडीला काळा दोरा बांधलेला. धनीबाईचा.

विमलताईनं तो सोडवून पिशवीत ठेवला. आज बुधवार नव्हता. आज धनीबाई यायची होती हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

चप्पलवालीचं घर वाटेतच होतं, तिची तिला दिली. मग ती तांड्याकडे चढली. शाल खांद्यावर घसरत होती, ती तिनं सरळ कमरेला बांधली. धनीबाई अंगणात सायकलवर बसून मेथी निवडत होती, जुडी हातभर लांब धरून, डोळे बारीक करून. चष्मा दिल्यावर तिनं तो लावला, मेथीकडे पाहिलं अन् निवडलेल्यातलं बरंच गवत परत काढून टाकलं.

"कवा आलती?" विमलताईनं विचारलं.

"चारले आली, अन् पाचले निघाली."

"मी नव्हती ना तवा. मले सांगितलं बी नाही."

धनीबाईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कायले सांगू?"

विमलताईला आधी थोडं वाईट वाटलं. मग बरं वाटलं. मग तिला नेमकं काय वाटलं ते तिलाच सांगता आलं नाही. ती तिथंच ओट्यावर टेकली अन् मेथीची एक जुडी ओढून निवडायला लागली. चहा आला, तो प्याली. शाल कशी आहे ते धनीबाईनं हातानं चाचपून पाहिलं अन् म्हणाली, उन्हाळ्यात देतात का कोनी शाल, बिनडोक लोक.

मग विमलताई उठली. पिशवीत अजून निळी बाटली होती. ती खालच्या आळीतल्या शिंप्याच्या नातवाची. त्याची आई दारातच भेटली, म्हणाली, ताई, आज त तुमचं शेवटचं होतं ना, उद्या दिली असती. विमलताईनं बाटली तिच्या हातात ठेवली अन् पोराला हाक मारून विचारलं, झाकण कुठं हाय रे, झाकण मले नाही सापडलं, खिसे पाहा आपले.